मॉरिशसची स्वस्त गाडी आणि बंपरखालचा चरा

भाड्याची गाडी स्वस्त पडली की महाग, हे गाडी घेताना कळत नाही, परत करताना कळतं. मला ते मॉरिशसच्या विमानतळावर, परतीच्या विमानाचं चेक-इन सुरू झालेलं असताना कळलं, आणि ज्या रीतीनं कळलं त्याचा राग अजून गेलेला नाही. लिहून मन मोकळं करावं हा एक हेतू आहेच. पण आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं पुढच्या सुट्टीत तिकडेच निघाली आहेत आणि दोघांनीही मला एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला गाडी स्वस्तात मिळाली म्हणे. कुठून घेतलीत?"

हो, स्वस्तात मिळाली होती. कागदावर.

हे सांगायला लागलं की काही जण लगेच म्हणतात, "अटी नीट वाचल्या नसतील." वाचल्या होत्या. बुकिंग चांगलं काही महिने आधी केलं होतं. अटींची प्रत छापून फाइलला लावली होती. मूळ लायसन्स, आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट, माझ्या नावाचं क्रेडिट कार्ड, सगळं जवळ होतं. ज्यांना आपलं फसणं हे आपल्याच बेफिकिरीचं फळ वाटतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगते: सगळं नीट केलेल्या माणसालाही हे होतं, कारण ही पद्धत नीट वागणाऱ्या माणसाला समोर ठेवूनच बसवलेली आहे.

आम्ही सहा जण. मी, नवरा, दोन मुलं, सासूबाई आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे. मॉरिशसमध्ये आपल्यासारखंच डाव्या बाजूनं गाडी चालवतात, त्यामुळे चालवण्याची भीती नव्हती. आमच्याकडे लांबचं ड्रायव्हिंग मीच करते, म्हणून करारही माझ्याच नावावर. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, माहेबूर गावाजवळ, आणि आमची राहण्याची जागा पार उत्तरेला, ग्रँड बेच्या बाजूला. म्हणजे उतरल्याबरोबर अख्खं बेट ओलांडायचं. सहा माणसं, त्यांच्या बॅगा, त्यात सासूबाईंचे गुडघे. सात सीटची गाडी घ्यावी असं ठरलं.

भावांची तुलना करून देणाऱ्या एका संकेतस्थळावरून गाडी ठरवली. दिवसाला ३४ युरो. बाकीच्यांचे भाव ५० युरोंच्या पुढे होते. त्याच संकेतस्थळानं दिवसाला आणखी ६ युरोंत 'संपूर्ण संरक्षण' देऊ केलं, तेही घेतलं. अनामतीच्या रकमेपुढे मात्र आकडा नव्हता, 'गाडीच्या वर्गानुसार' एवढेच शब्द होते. मी मेल करून आकडा विचारला. उत्तरात तेच शब्द परत आले. आज मला कुणी विचारलं की धोक्याची पहिली खूण कुठली, तर मी या दोन शब्दांवर बोट ठेवीन.

विमानतळावरच्या काउंटरवर एक गृहस्थ बसले होते. अख्खी रात्र जागून आम्ही पोहोचलो होतो. धाकटा ट्रॉलीवरच झोपला होता. गृहस्थांनी माझं लायसन्स घेतलं, माझं कार्ड घेतलं आणि बोलणं नवऱ्याशी सुरू केलं. नवरा दोनदा म्हणाला, "गाडी ही चालवणार आहे, हिच्याशी बोला." गृहस्थ मान हलवायचे आणि पुन्हा त्याच्याकडेच बघून बोलायचे. त्यांचं म्हणणं असं: तुम्ही संकेतस्थळावर घेतलेलं संरक्षण आमच्याकडे चालत नाही. एक तर दिवसाला १८ युरो भरून आमचं संरक्षण घ्या, नाहीतर १,२०० युरो अनामत द्या.

दिवसाला ३४ अधिक १८ म्हणजे ५२. जी गाडी इतरांपेक्षा स्वस्त म्हणून मी निवडली होती, ती काउंटरवर पोहोचेपर्यंत इतरांच्या पंगतीला जाऊन बसली. शिवाय ६ युरोंचं संरक्षण वर होतंच.

मी नाही म्हटलं. कार्डाची मर्यादा पुरेशी होती, म्हणून १,२०० युरो अनामत दिली. मी नाही म्हटल्याबरोबर गृहस्थांचा सूर बदलला. तोपर्यंत गोड बोलत होते, मग एकदम "जशी तुमची मर्जी." किल्ली काउंटरवर ठेवली नाही, सरकवली. त्या सरकवण्यातच सगळं होतं, असं आता वाटतं.

बाहेर पार्किंगमध्ये गाडी नुकतीच धुतलेली, पाण्यानं निथळत होती, आणि वरून भुरभुर पाऊसही चालू होता. ओल्या गाडीवर चरा दिसत नाही. रंगावर पाण्याचा थर असला की बारीक ओरखडे त्यात बुडून जातात. ज्यानं जुनी गाडी विकत घेतली आहे त्याला हे ठाऊक असतं. मी फडकं मागितलं. गाडी दाखवायला आलेला तरुण म्हणाला, "मॅडम, बारीकसारीक स्क्रॅच आम्ही मोजत नाही, काळजी करू नका." त्याच्या हातातल्या फॉर्मवर गाडीचं चित्र होतं, त्यावर मागच्या दारापाशी एक फुली होती. मी आणखी तीन जागा दाखवल्या. त्यानं मान डोलावली, पण फुल्या मारल्या नाहीत. "लिहा," म्हटलं तर, "त्याची गरज नसते." पुन्हा म्हटलं, तेव्हा दोन मारल्या.

अप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आयुष्य बसखाली झोपून काढलेला माणूस. ते म्हणाले, "वरून काय बघतेस? खालून बघ. गाडी खालून कळते." आणि पावसात उकिडवे बसून, मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी पुढच्या बंपरच्या खालच्या कडेचे, दारांच्या खालच्या पट्ट्यांचे आणि चारही चाकांच्या रिमचे फोटो काढले. तो तरुण घड्याळ बघत उभा होता. बंपरच्या खाली डाव्या कडेला बोटभर लांबीचा चरा होता. तो फॉर्मवर लिहायला सांगितला, तर "बॉटमचं आम्ही धरतच नाही, सर," असं उत्तर मिळालं. हे वाक्य लक्षात ठेवा.

पुढचे दिवस छान गेले, त्याबद्दल तक्रार नाही. आमची घरमालकीण मूळची मराठी घराण्यातली होती. तिचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर कामाला आलेले. ती घरी क्रिओल बोलायची, आमच्याशी इंग्रजी आणि मधूनच एखादा जुना मराठी शब्द. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, ती समुद्रावरच्या विसर्जनाचं वर्णन करायची तेव्हा सासूबाईंना गहिवरून यायचं. तिनं गाडी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "अनामत किती घेतली?" आकडा ऐकून ती काही बोलली नाही, नुसता ओठ मुडपला. मग म्हणाली, "परत देताना सोबत कुणाला तरी उभं करा. आणि वेळ हातात ठेवा." ती जे सांगत होती ते तेव्हा मला शिष्टाचाराचं वाटलं. ते अनुभवाचं होतं.

आता परतीचा दिवस. गाडी आम्ही धुऊन, टाकी पूर्ण भरून, पेट्रोलची पावती घेऊन वेळेआधी आणली. घ्यायला आला तो तोच तरुण.

नवीन माणूस गाडी तपासतो तेव्हा काय करतो? गाडीभोवती एक फेरी मारतो. दारं बघतो, काचा बघतो, चाकं बघतो, आत डोकावतो. या मुलानं फेरी मारली नाही. काही बघितलं नाही. तो सरळ पुढे गेला, डाव्या बाजूला गुडघा टेकवला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि बंपरच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. किल्ली अजून माझ्याच हातात होती. एवढ्या मोठ्या सात सीटच्या गाडीत, जिथे वाकल्याशिवाय काही दिसत नाही, अशा एका कोपऱ्यात तो, एखाद्यानं आपल्या खोलीत दिव्याचं बटण शोधावं तसा, गेला.

त्याला जागा ठाऊक होती.

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की हा चरा कुणाच्या हातून पडला आहे याचा इथे प्रश्नच नाही. हा चरा या गाडीचं उत्पन्न आहे. मी १८ युरोंचं संरक्षण घेतलं असतं तर तो कुणी बघितला नसता. मी घेतलं नाही, म्हणून तो आज बघितला जात होता. माझ्या आधी अनामत देणाऱ्या कुणाला तरी तो दाखवला गेला असेल, माझ्यानंतर आणखी कुणाला दाखवला जाईल. पैसे घेतले जातील, बंपर बदलला जाणार नाही. बदलला तर उत्पन्न थांबेल. मी हे सिद्ध करू शकत नाही, पण त्याचा गुडघा ज्या खात्रीनं जमिनीला टेकला ती खात्री मी डोळ्यांनी बघितली आहे.

अप्पांनी एक शब्द न बोलता मोबाइल उघडला. फोटो समोर धरला. तारीख आणि वेळ त्या फोटोच्या माहितीतच होती, गाडी ताब्यात घेतल्याच्या दिवसाची. तरुणानं फोटो बघितला आणि म्हणाला, "फॉर्मवर नाही." मी म्हटलं, "तुम्हीच लिहायला नकार दिलात. खालचं धरत नाही म्हणालात." तो म्हणाला, "फॉर्मवर तुमची सही आहे." मी व्यवस्थापकाला बोलवा म्हटलं. तो फोनवर काहीतरी बोलला आणि सांगितलं, येतायत. आम्ही उभे राहिलो. व्यवस्थापक आले नाहीत. सासूबाई आणि मुलं आत टर्मिनलमध्ये बॅगा घेऊन बसलेली, विमानाची वेळ जवळ येत चाललेली, आणि या मुलाला घाई अशी नाहीच. त्याला माझ्या विमानाची वेळ माहीत होती, ती करारावर लिहिलेली होती. वाट बघणं हे त्याचं हत्यार होतं, आणि ते त्यानं शांतपणे वापरलं.

शेवटी काउंटरवर ४२० युरोंचा कागद छापून आला. बंपरचे ३६० आणि 'प्रशासकीय शुल्क' म्हणून ६०. मी नुसती सही केली नाही. त्या कागदावर इंग्रजीत लिहिलं, 'हे नुकसान गाडी घेताना होतं, फोटो आहेत, रक्कम मला मान्य नाही', आणि त्याखाली सही केली. त्याचा फोटो काढला. हे सुचलं ते अप्पांना, आणि याच एका ओळीनं पुढे पैसे परत मिळवून दिले. काउंटरवरच्या त्याच गृहस्थांनी तोपर्यंत नवऱ्याला तीनदा समजावलं होतं की मॅडम विनाकारण चिडतायत.

रक्कम अनामतीतून कापली गेलीच. घरी आल्यावर मी बँकेत तो व्यवहार विवादित म्हणून नोंदवला. फोटो, फॉर्म, ती सही, मेलमधली उत्तरं, सगळं जोडलं. कंपनीनं बंपरच्या दुरुस्तीचं बिल सादर केलं नाही. कुठून करणार? मोठी रक्कम परत आली. अनामतीच्या घेण्यादेण्यात चलनाच्या फरकात जे गेलं ते मात्र परत आलं नाही, आणि त्या सगळ्या पत्रव्यवहारात ज्या संध्याकाळी गेल्या त्याही आल्या नाहीत.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. क्रमानं नाही, जसं आठवतं तसं सांगते.

भाड्याच्या आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी दोन आकडे मागा: अनामत किती आणि एक्सेस किती. एक्सेस म्हणजे नुकसान झालं तर पहिली जी रक्कम तुमच्या खिशातून जाते ती. आपल्याकडे विम्यात जिला डिडक्टिबल म्हणतात, तीच. मॉरिशसमध्ये फ्रेंच वळणानं तिला 'फ्रँचाइज' म्हणतात, करारात तो शब्द दिसला तर तो दुकानांच्या साखळीचा नाही. हे दोन्ही आकडे लेखी, युरो किंवा रुपयांत, न देणाऱ्या कंपनीशी पुढे बोलू नका. आणि रुपये म्हणाले तर कुठले ते विचारा. मॉरिशसचंही चलन रुपयाच आहे आणि त्यांचा रुपया आपल्या रुपयाच्या पावणेदोन-दोन पटीच्या आसपास असतो.

मधल्या संकेतस्थळानं विकलेलं 'संपूर्ण संरक्षण' काउंटरवर तुमचं काही वाचवत नाही. ते भरपाईचं संरक्षण असतं. म्हणजे कंपनी तुमच्याकडून पैसे घेणार, मग तुम्ही कागद जोडून त्या संकेतस्थळाकडून मागणार. अनामत पूर्ण द्यावी लागतेच. ज्यांच्या कार्डावर तेवढी मर्यादा मोकळी आहे आणि कागदांचा पाठपुरावा करण्याची चिकाटी आहे, त्यांनीच ते घ्यावं. बाकीच्यांनी भाडं थोडं जास्त असलं तरी ज्यात कंपनीचंच शून्य एक्सेसचं संरक्षण धरलेलं आहे, असाच भाव निवडावा. आणि त्यातही टायर, काचा, गाडीचा खालचा पत्रा, छप्पर आणि हरवलेली किल्ली धरली आहे का ते विचारा. बहुतेक वेळा नेमकं हेच वगळलेलं असतं.

कार्डाचं नीट समजून घ्या. अनामत दोन रीतींनी घेतात. एक म्हणजे कार्डावर रक्कम नुसती अडवून ठेवतात, गाडी परत दिली की ती सुटते. दुसरी, प्रत्यक्ष वळती करतात आणि नंतर परत देतात. दुसऱ्या रीतीत जाताना एक दर, येताना दुसरा दर, आणि परदेशी व्यवहाराचं शुल्क वेगळं. आपल्या बऱ्याच कार्डांवर ते साधारण साडेतीन टक्के आणि वर जीएसटी असतं. मोठ्या अनामतीवर हे हजारांत जातं. म्हणून विचारा, "रक्कम अडवणार की कापणार?" मशीनवर 'भारतीय रुपयांत भरायचे का' असा पर्याय आला तर नको म्हणा, तिथला दर तुमच्या तोट्याचाच असतो; स्थानिक चलन किंवा करारातलं चलन निवडा. फॉरेक्सचं प्रीपेड कार्ड अनामतीला सहसा चालत नाही. कार्ड चालकाच्याच नावाचं हवं, नवऱ्याचं कार्ड आणि बायकोचं लायसन्स असं जमत नाही. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार चालू करा, आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो त्याचं रोमिंग चालू ठेवा.

लायसन्स मूळ न्या. डिजिलॉकरमधलं आपल्या पोलिसांना चालतं, परदेशी काउंटरला नाही. सोबत आंतरराष्ट्रीय परमिट असलेलं बरं. ते आरटीओतून मिळतं, शुल्क एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. वेळ लागतो, आधी करा.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. हे सगळेच सांगतात, पण काय बघायचं ते कुणी सांगत नाही. गाडी ओली असेल तर पुसायला लावा, किंवा घरून जुना टॉवेल न्या. पुढच्या-मागच्या बंपरची खालची कड, चाकांच्या रिम, पुढच्या काचेवरचे खडे लागलेले बारीक ठिपके, छप्पर, आरशांची बाहेरची बाजू, डिकीची कड जिथे बॅगा घासतात, आणि आतल्या सीट. स्टेपनी आणि जॅक आहेत का. नंबरप्लेटपासून सुरुवात करून न थांबवता एकच व्हिडिओ काढा, त्यात कंपनीचा माणूस आणि पार्किंगचा बोर्ड येऊ द्या. मग तो व्हिडिओ किंवा फोटो तिथूनच, गाडी हलवण्याआधी, कंपनीच्या मेलवर पाठवा. ही एक गोष्ट माझ्या सगळ्या सल्ल्यांत पहिली समजा. फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असणं आणि गाडी निघण्याआधी त्यांच्या मेलमध्ये असणं यात फार अंतर आहे. मग "फॉर्मवर नाही" असं कुणी म्हणू शकत नाही.

'किंवा तत्सम' या शब्दांचा अर्थ असा की चित्रातली गाडी मिळेलच असं नाही. सात सीटच्या गाडीत शेवटची रांग उघडली की बॅगांना जागाच उरत नाही. आम्ही बॅगा मुलांच्या पायाशी घेऊन बेट ओलांडलं. सहा जण असाल तर बॅगांचा वेगळा विचार करा. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगा, तिचं भाडं जास्त असतं. लहान मुलाची सीट रोजच्या हिशेबानं लावतात, दुसऱ्या चालकाचं नावही कधी कधी पैसे घेऊनच टाकतात.

किती दिवस गाडी हवी, हे मोजून बघा. घरमालकिणीनं शेवटी सांगितलेलं हेच होतं, आणि ते मी पुढच्या वेळी करणार आहे. विमानतळावरून राहण्याच्या जागी टॅक्सीनं या, भाडं आधी ठरवून. उत्तरेत पांपलमूसची बाग, काप मालेरूचं लाल छपराचं चर्च, त्रू ओ बिशचा किनारा हे बसनंही होतं. ईल ओ सेर्फला तर गाडी नेताच येत नाही, बोटीनंच जावं लागतं. गाडी खरी लागते ती नैऋत्येला: शामारेलची सात रंगांची माती, ब्लॅक रिव्हरची दरी, ल मोर्नचा डोंगर, आणि गंगा तलाव, जिथे सासूबाईंना शंकराच्या त्या प्रचंड मूर्तीसमोर अर्धा दिवस हवा होता. तेवढ्याच दिवसांसाठी गाडी घ्या, आणि शक्यतो राहण्याच्या जागेजवळच्या, घरमालकाच्या ओळखीच्या परवानाधारक माणसाकडून. तिथे त्याला उद्याही त्याच गावात तोंड दाखवायचं असतं. विमानतळावरच्या माणसाला तुम्ही पुन्हा दिसणार नसता.

परवानाधारक हा शब्द महत्त्वाचा. स्वस्त म्हणून कुणाची खाजगी गाडी घेऊ नका. आपल्याकडे गोव्यातही हे चालतं. स्वतः चालवायला भाड्यानं द्यायच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मॉरिशसला जा, श्रीलंकेला जा, कुठेही जा, प्रश्न तोच विचारा: ही गाडी भाड्यानं देण्याचा परवाना आहे का, आणि विमा भाड्याच्या वापराचा आहे का? कागद बघा.

चालवण्याबद्दल थोडं. चौकांऐवजी गोल चक्कर जागोजाग आहेत, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मोठ्या रस्त्यावर वेगाचे कॅमेरे आहेत, दंड कंपनीकडे जातो आणि तिथून तिच्या शुल्कासकट तुमच्याकडे येतो. गावातले रस्ते अरुंद आहेत, कडेला खोल गटारं असतात, उसाच्या शेतांमुळे वळणावर समोरचं दिसत नाही. अंधार पडल्यावर अशा रस्त्यांनी जाऊ नका. पोर्ट लुईसमध्ये रस्त्यावर गाडी लावायची तर पार्किंगची कूपनं लागतात, ती पेट्रोल पंपावर आधी घ्यावी लागतात. सकाळ-संध्याकाळच्या कामाच्या वेळी त्या शहरातून जाणं टाळा. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला भाव चढलेले असतात, आणि जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. बुकिंग फुकट रद्द करता येईल असंच करा.

परत देताना वेळ हे तुमचं एकमेव बळ आहे. विमानाच्या चार तास आधी गाडी द्या. त्याहून चांगलं म्हणजे आदल्या दिवशी द्या आणि विमानतळावर टॅक्सीनं या. उजेडात द्या. किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा यांचा फोटो काढा, पावती जपा. 'गाडी नुकसानाशिवाय परत मिळाली' असं लिहून सही घ्या. सही देत नसतील तर तिथून हलू नका. आणि विमानाची वेळ विचारली तर खरी वेळ सांगायला तुम्ही बांधलेले नाही. मला हे सांगायला आवडत नाही, पण ज्यांनी माझी वेळ माझ्याविरुद्ध वापरली त्यांच्यामुळे मी हे सांगते आहे.

पैसे कापलेच, तर मान्य नाही असं लिहूनच सही करा. बँकेला लगेच, लेखी कळवा. विवाद नोंदवायला मुदत असते, ती विचारा. कंपनीकडे दुरुस्तीचं बिल मागा, अंदाजपत्रक नाही, बिल. बँकेनं दाद दिली नाही किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. लोक इथेच सोडून देतात. "सुट्टी छान झाली ना, मग जाऊ दे," असं मलाही घरातून ऐकवलं गेलं. मी सोडलं नाही. सोडणारे बहुसंख्य आहेत याच भरवशावर त्या काउंटरवरचे आकडे ठरतात.

बाकी नेहमीचं: कागदपत्रांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा, भांडताना आवाज चढवू नका, म्हाताऱ्या माणसांना उन्हात उभं करू नका.

सोसायटीतल्या दोन्ही कुटुंबांना मी कंपनीचं नाव खाजगीत सांगितलं आहे. त्याहून जास्त निक्षून एक गोष्ट सांगितली, तीच इथेही सांगते. तुमच्यादेखत, तुमच्या सांगण्यावरून, गाडीवरचा प्रत्येक चरा फॉर्मवर लिहायला जो माणूस तयार नाही, त्याची किल्ली घेऊ नका. बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील. मुलं रडत असली, रात्रीची झोप नसली, मागे रांग लागलेली असली, तरी काउंटर सोडून बाहेर टॅक्सीच्या रांगेत जा. त्या एका नकाराची किंमत तुम्हाला त्याच वेळी माहीत असते. किल्ली घेतल्याची किंमत मात्र ते ठरवतात, आणि तीही शेवटच्या दिवशी.